इंग्रज पाद्र्याने मराठीत पुराण रचलं आणि गोव्याच्या चर्चमध्ये ओव्या घुमू लागल्या

धर्म बदलला, पण मन नव्या देवात रमेना. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यातल्या साष्टीत हीच अडचण होती. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, जुन्या पोथ्यांवर बंदी आणली. नवख्रिस्ती लोकांच्या वाट्याला उरलं फक्त पाठांतर.

हे ओळखलं फादर थॉमस स्टीफन्स यांनी. 1549 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेज्युइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले, ते कायमचेच. इथे ते मराठी आणि कोकणी शिकले.

एकत्र बसून पुराण ऐकायची लोकांची सवय जुनी. ती मोडण्यापेक्षा स्टीफन्स यांनी तीच हाताशी धरली. 1616 मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. रविवारी आणि सणावाराला चर्चमध्ये सगळे जमले की ते वाचलं जायचं. बायबलची गोष्ट आता ओळखीच्या चालीत कानावर पडत होती.

1619 मध्ये स्टीफन्स गोव्यातच वारले. 1684 मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढलं. 1616 च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. तरीही पुराण टिकलं, ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.