नाईक यशवंत घाडगे

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव हे एक लहानसे खेडे आहे. तेथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. पुढे ते पाचव्या मराठा पलटणीत दाखल झाले आणि नाईक या हुद्द्यावर चढले.

तो काळ मोठा विलक्षण होता. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा लढा पेटला आणि राष्ट्राचे पुढारी बंदिवासात गेले. पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात होते. ज्या सरकारने त्यांना कोंडले, त्याच सरकारच्या सैन्यात स्वेच्छेने शिरलेले लक्षावधी भारतीय जवान परमुलखात हुकूमशाहीशी झुंजत होते.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांनी शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. मशीनगनच्या माऱ्यात यशवंतरावांच्या तुकडीतील सारे सोबती ठार वा जखमी झाले. ते एकटेच उरले. क्षणाचाही विलंब न लावता ते पुढे धावले. हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ व तिचा चालक निकामी केला; टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या पुन्हा भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदुकीची नळी हाती धरून त्यांनी तिच्या घावांनी उरलेल्या दोघांना लोळवले. ठाणे जिंकले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत शिरून, जिंकलेल्या त्याच जागी त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते.

त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ देण्यात आला. तीनच वर्षांनी देश स्वतंत्र झाला. तो दिवस मात्र त्यांना दिसला नाही. माणगाव येथील त्यांचा पुतळा या वीराची आठवण जागती ठेवीत आहे.