जूसच्या बाटलीवरचा माणूस : लुई पाश्चर

सकाळी जिममधून बाहेर पडायचं, घामेजल्या टी-शर्टवरच बाइकला किक मारायची आणि जाता जाता कोल्ड-प्रेस्ड जूसची एक बाटली उचलायची. पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात हे आता रोजचंच झालंय. बाटली कधी नीट वाचून बघा. बऱ्याचदा तिच्यावर अभिमानानं छापलेलं असतं, की हा रस पाश्चराइज्ड नाही. म्हणजे एका माणसाचं नाव घेऊन सांगायचं, की त्याची पद्धत आम्ही वापरलेली नाही. जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झालेल्या माणसाच्या वाट्याला अशी जाहिरात क्वचितच येते. कोण होता हा माणूस? आणि रस तापवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तरी कसं?

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल या गावातला. वडील नेपोलियनच्या फौजेतले जुने सैनिक. पुढे त्यांनी कातडी कमावण्याचा धंदा धरला. लुई वाढला तो आर्ब्वा या गावात, द्राक्षमळ्यांच्या मुलखात. पोरगा काही वर्गातला टॉपर नव्हता. त्याचा हात चालायचा तो चित्रात. आईवडिलांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची त्यानं काढलेली पोर्ट्रेट्स आजही जपून ठेवलेली आहेत.

१८३८ मध्ये शिकायला म्हणून त्याला पॅरिसला धाडलं. काही आठवड्यांतच घरची इतकी आठवण यायला लागली, की वडिलांना जाऊन त्याला परत आणावं लागलं. पुढे सायन्सच्या पदवी परीक्षेत पहिल्या फटक्यात तो नापास झाला. दुसऱ्यांदा पास झाला, पण केमिस्ट्रीचे मार्क बेताचेच. पॅरिसच्या नामवंत एकोल नॉर्मालची प्रवेश परीक्षा पास होऊनही नंबर खाली आला, तर पठ्ठ्यानं चक्क ड्रॉप घेतला आणि १८४३ मध्ये वरच्या नंबरानं आत गेला. सेकंड अटेम्प्टवाल्यांनी हा माणूस लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८५४ मध्ये लील या कारखानदारीच्या शहरात ते प्राध्यापक आणि डीन झाले. आपल्या चाकण-पिंपरीसारखंच ते गाव, कॉलेज आणि कारखाने शेजारी शेजारी. १८५६ मध्ये एका विद्यार्थ्याचे वडील अडचण घेऊन आले. त्यांच्या कारखान्यात बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनायचं, पण काही पिंपांतला माल आंबट होऊन फुकट जात होता. पाश्चर यांनी मायक्रोस्कोप उचलला आणि कारखाना गाठला. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी दिसल्या. नासलेल्या पिंपात त्याहून कितीतरी लहान, काड्यांसारखे जीव वळवळत होते.

रस आपोआप नासत नाही, कुणीतरी तो नासवतं, हा मुद्दा इथून सुरू झाला. आपल्याला तो लगेच पटतो. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढेपर्यंत तशीच ठेवली, की तिची ताडी होते, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण ते नेमकं कोण करतं, हे त्या काळी विद्वानांनाही ठाऊक नव्हतं. बरेच जण म्हणत, की जंतू कुजण्यातून आपसूक जन्मतात. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी लांब, वाकडी नळी असलेले काचेचे चंबू बनवले आणि त्यात पोषक काढा उकळून ठेवला. हवा आत जायची, पण धूळ वळणावरच अडायची. काढा टिकला. मान मोडली, तेव्हा तो नासला. वाद बराचसा तिथेच मिटला.

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्यांच्यावर नवं काम सोपवलं. फ्रान्सची वाइन वाटेतच खराब होत होती आणि परदेशातून ओरड येत होती. पाश्चर आपल्या जुन्या गावी, आर्ब्वाला जाऊन बसले. तिथे उपाय सापडला. वाइन उकळायची नाही, फक्त ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची, तीही हवा लागू न देता. जंतू मरतात, वाइन टिकते. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे ती सगळ्यांसाठी खुली करून टाकली.

तेव्हाही लोकांची तक्रार आजचीच होती. तापवलं की चव गेली! मग जाणकार चव घेणाऱ्यांची समिती बसली. तापवलेली आणि न तापवलेली वाइन यांत त्यांना फारसा फरक सांगता येईना. पुढे पाश्चर यांनी गंमत केली. एकाच वाइनचे दोन पेले पुढे ठेवले, तर मंडळींनी त्यांतही फरक शोधून दाखवला! आपण जिभेनं कमी आणि लेबलनं जास्त चव घेतो, हे तेव्हाच उघड झालं होतं.

फळांच्या रसाचं काय? तिथे ही पद्धत नेली ती अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या दातांच्या डॉक्टरनं, १८६९ मध्ये. चर्चच्या विधीसाठी त्याला न आंबलेला द्राक्षरस हवा होता. बाटल्या बंद करून त्यानं त्या गरम पाण्यात तापवल्या. बाटलीबंद जूसचा धंदा पुढे त्यातून उभा राहिला. पाश्चर यांचं नाव आज सगळ्यात जास्त दिसतं ते दुधाच्या पिशवीवर. पण दुधासाठी ही पद्धत इतरांनी नंतर रुजवली.

आता आपल्या बाटलीकडे येऊ. कोल्ड-प्रेस्डमध्ये फळ दाबून रस काढतात, उष्णता देत नाहीत. त्यामुळे सुगंध आणि ताजी चव छान राहते. सी जीवनसत्त्व उष्णतेनं काही प्रमाणात घटतं, तेही इथे वाचतं. हे फायदे खरेच आहेत. पण काही सेकंदच तापवणाऱ्या आजच्या यंत्रांत हा तोटा जाहिरातीत भासवतात तेवढा मोठा नसतो. उलट ताजा रसही नुसता ठेवून दिला, तर हवा आणि उजेडानं त्याचं सी जीवनसत्त्व कमी होतच राहतं. साखर दोन्हींत फळाचीच आणि सारखीच. चोथा काढून टाकला, की बराचसा फायबर दोन्हींतून जातो. त्या बाबतीत अख्खं संत्रं सोलून खाल्लेलं केव्हाही सरस.

आणि धोका? १९९६ मध्ये अमेरिका-कॅनडात पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायचा घातक प्रकार पसरला. साठहून जास्त लोक आजारी पडले, एक लहान मुलगी दगावली. त्यानंतर अमेरिकेत जंतूंवर प्रक्रिया न केलेल्या पॅकबंद रसावर इशारा छापणं बंधनकारक झालं. काही कंपन्या आता उष्णतेऐवजी प्रचंड दाब देऊन जंतू मारतात. म्हणजे पाश्चर यांचा प्रश्न त्यांनीही मान्यच केलाय, उत्तर फक्त वेगळं शोधलंय.

हा प्रश्न पाश्चर यांच्यासाठी निव्वळ प्रयोगशाळेतला नव्हता. त्यांना पाच मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. थोरली जान १८५९ मध्ये टायफॉइडनं गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १८६६ मध्ये सेसिलही टायफॉइडनंच गेली, बारा वर्षांची. टायफॉइड पसरतो तो दूषित पाण्यातून, अन्नातून. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. त्यांच्या कामातली बरीच मोठी कामं त्यानंतरची आहेत. ६ जुलै १८८५ ला पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांची लस टोचायला सुरुवात झाली. तो जगला.

ते देवमाणूस होते असं नाही. त्यांच्या खासगी वह्या खूप नंतर अभ्यासकांना खुल्या झाल्या. जाहीर प्रात्यक्षिकांत सांगितलेलं आणि वहीत लिहिलेलं प्रत्येक वेळी जुळत नव्हतं, हे १९९५ मध्ये इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी दाखवून दिलं. म्हणजे त्यांचा दावाही तपासूनच घ्यायचा. तपासल्यावर तापवण्याचा दावा मात्र टिकला.

पॅरिसमधली त्यांची संस्था १८८८ मध्ये सुरू झाली. तिथे ग्रंथपालाचा मदतनीस म्हणून लागलेला वाल्देमार हाफकिन पुढे भारतात आला. मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा स्वतःच तयार केलेली लस त्यानं १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगच्या त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई गेल्या. परळची हाफकिन संस्था आजही उभी आहे. पाश्चर मात्र २८ सप्टेंबर १८९५ लाच गेले होते.

तेव्हा कोल्ड-प्रेस्ड प्यायचाच असेल, तर मजेत प्या. फक्त बाटली कधी भरली, तेव्हापासून सलग थंड राहिली का आणि फळं कशी धुतली, हे काउंटरवर विचारा. बीट, गाजर, कलिंगडाचा रस आंबट नसतो, त्यात जंतू लवकर वाढतात, म्हणून तिथे जरा जास्तच चौकशी करा. घरी लहान मूल, गरोदर वहिनी किंवा आजारी आजोबा असतील, तर त्यांच्यासाठी पाश्चराइज्डच आणा. आणि दुकानदारानं कंटाळून तुमच्याकडे बघितलं, तरी विचाराच. १८५६ मध्ये लीलच्या एका प्राध्यापकानंही पिंपापाशी उभं राहून असाच प्रश्न विचारला होता.