दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेटजी टाटा (२७ ऑगस्ट, १८५९, मुंबई – ३ जून, १९३२, बाड किसिंगेन, जर्मनी) हे भारतीय उद्योगपती आणि क्रीडासंघटक होते. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेटजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. जमशेदपूरचा पोलाद कारखाना त्यांच्या काळात उभा राहिला. भारताचा पहिला संघ १९२० मध्ये ऑलिंपिक सामन्यांसाठी अँटवर्पला गेला, तोही प्रामुख्याने त्यांच्याच पुढाकारामुळे.

बालपण व शिक्षण

दोराबजींचे शालेय शिक्षण मुंबईत झाले. १८७५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये केंब्रिज येथील गोनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे दोन वर्षांत त्यांनी महाविद्यालयाच्या संघातून क्रिकेट व फुटबॉल खेळण्याचा मान मिळवला. ते नौकानयन करत, टेनिस खेळत, घोड्यावर उत्तम बसत. कमी अंतराच्या काही धावशर्यतीही त्यांनी जिंकल्या. धावणे हा शास्त्रशुद्ध सरावाचा, ठराविक आहाराचा आणि अचूक वेळ मोजण्याचा विषय आहे, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. या ओळखीचा उपयोग चाळीस वर्षांनी पुण्यात झाला. १८७९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले.

उद्योग

सुमारे दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात आले. जमशेटजींनी त्यांना प्रथम पाँडिचेरीला आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाठवले. ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. वर्धा, हिंगणघाट या भागातील कापूस हाताशी असणे हे नागपूरच्या निवडीमागील एक महत्त्वाचे कारण होते.

१४ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा विवाह मेहरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहरबाई स्वतः निष्णात टेनिसपटू होत्या आणि साडी नेसूनच स्पर्धांत उतरत. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे भाचे.

१९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञानसंस्था या तिन्ही योजना अपुऱ्या होत्या. दोराबजींनी त्या पूर्णत्वास नेल्या. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. १९१० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत, १९२४ च्या सुमारास कंपनीकडे कामगारांच्या पगारापुरताही पैसा उरला नव्हता. दोराबजींनी त्या वेळी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभे केले. त्यात मेहरबाईंचा सुप्रसिद्ध ज्युबिली हिराही होता.

पुण्याचे धावपटू

डेक्कन जिमखाना ही संस्था पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झाली. दोराबजी तिचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत उतरणाऱ्या धावपटूंपैकी बरेच जण शेतावर राबणारे तरुण होते. ते अनवाणी धावत. मिळेल ते साधे अन्न खात. युरोपातील नियम त्यांना ठाऊक नव्हते आणि शिकवणारा कोणी नव्हता. खुद्द संघटकांपैकी काहींना शंभर मीटरची शर्यत सेकंदाच्या दशांशांत मोजतात, हेही नवे होते.

१९१९ मध्ये लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वेळा पाहताना दोराबजींच्या लक्षात आले की, या तरुणांपैकी काहींच्या वेळा युरोपातील कसलेल्या धावपटूंच्या जवळपास जातात. प्रेक्षकांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. दोराबजींनी त्यांच्यापुढे भारतीय संघाची कल्पना मांडली आणि तीन धावपटूंना स्वखर्चाने ऑलिंपिकला पाठवण्याची तयारी दाखवली. योग्य आहार व इंग्लिश प्रशिक्षक मिळाले, तर हे तरुण देशाचे नाव राखतील, असा त्यांचा अंदाज होता. पुण्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी ही कल्पना उचलून धरली आणि तीन धावपटूंऐवजी पूर्ण संघच पाठवावा असा आग्रह धरला. गव्हर्नरांच्या मदतीने ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत प्रयत्न झाले आणि १९२० च्या आरंभी भारताला सहभागाची मान्यता मिळाली.

याआधी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत रौप्यपदके मिळवली होती. ऑलिंपिकमधील पहिल्या स्टीपलचेस शर्यतीही त्याच सामन्यांत झाल्या. २५०० मीटरची कॅनडाच्या जॉर्ज ऑर्टनने आणि ४००० मीटरची ब्रिटनच्या जॉन रिमरने जिंकली. प्रिचर्ड मात्र एकटा, वैयक्तिक पातळीवर धावला होता. त्याला देशातून निवडून कोणी पाठवले नव्हते. पुण्याचा प्रयत्न म्हणूनच वेगळ्या जातीचा होता.

अँटवर्प, १९२०

पुण्यात निवड चाचणी होऊन सहा खेळाडू ठरले: धावपटू पूर्मा बॅनर्जी (बंगाल), फडेप्पा चौगुले (बेळगाव), सदाशिव दातार (सातारा) व एच. डी. कैकाडी (हुबळी) आणि मल्ल कुमार नवले (मुंबई) व रणधीर शिंदे (कोल्हापूर). खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला. उरलेला सरकारकडून व देणगीदारांकडून आला. संघ जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाला आणि काही आठवडे लंडनमध्ये सराव करून बेल्जियमला पोहोचला.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचून एकोणिसावे आले. दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. याच सामन्यांत स्टीपलचेस प्रथमच आज रूढ असलेल्या ३००० मीटर अंतरावर धावली गेली. तीत भारताचा धावपटू नव्हता. कुस्तीत शिंदे चौथे आले.

पदक मिळाले नाही. तथापि शेतातून आलेला धावपटू अल्प सरावावर एकोणिसावा येतो, हा निकाल दोराबजींच्या मूळ अंदाजाला धरूनच होता.

ऑलिंपिक संघटना

१९२० मध्येच दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. अँटवर्पचा संघ मुख्यत्वे पुण्यात जमवलेला होता. पुढच्या वेळी निवड देशभरातून व्हावी यासाठी प्रांतोप्रांती संघटना उभ्या करण्यात आल्या. या कामी मद्रासच्या वायएमसीएचे हॅरी बक व ए. जी. नोरेन यांची मोठी मदत झाली. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय सामने भरवून पॅरिससाठी मैदानी खेळाडूंची निवड झाली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ते पायउतार झाले व पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग त्या पदावर आले.

अखेर

१८ जून १९३१ रोजी मेहरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये निधन झाले. या दांपत्याला अपत्य नव्हते. दोराबजींनी १९३२ मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि स्वतःची संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय पुढे याच न्यासातून उभे राहिले. पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला गेले असता ३ जून १९३२ रोजी बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहरबाईंच्या शेजारी त्यांची समाधी आहे.