शिंद्यांचा जर्मन सेनापती

असईची लढाई म्हटली की वेलस्ली आठवतो, कारण पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. पण असईला त्याच्यासमोर शिंद्यांचं कवायती पायदळ घेऊन कोण उभा होता, माहीत आहे? अँथनी पोलमन नावाचा एक जर्मन!

पोलमन हॅनोव्हरचा. तेव्हा इंग्लंडचा राजाच हॅनोव्हरचाही राज्यकर्ता होता, म्हणून तिथल्या पलटणी कंपनीच्या मदतीला मद्रासला आल्या. त्यात हा साधा सार्जंट होता. मोठं घराणं नाही, पदवी नाही. पुढे तो शिंद्यांच्या फौजेत शिरला. महादजींसाठी द बॉइन्य या अधिकाऱ्याने युरोपियन पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या होत्या आणि आग्र्याला तोफांचा कारखाना चालायचा. या फौजेत पोलमन चढत चढत ब्रिगेडचा प्रमुख झाला. राहणी एकदम उमरावाची, फिरायला हत्ती!

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ केळणा नदीमागे पोलमनने दहा हजारांवर पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा मांडल्या. वेलस्ली समोरच्या उतारानेच येणार, असा त्याचा अंदाज. पण वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. म्हणजे मध्ये उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि तिथूनच बाजूने नदी ओलांडली. तरी पोलमन गडबडला नाही. लढाईच्या तोंडावर त्याने अख्खी रांग काटकोनात वळवली. हे काम उत्तम कवायतीशिवाय जमत नाही. तोफांनी तर कंपनीच्या फौजेचे असे हाल केले की तिचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. पण मराठा घोडदळ म्हणावं तसं उतरलं नाही, शेवटी फळी मोडली आणि बहुतेक तोफा गेल्या.

मग पोलमनने काय केलं? तो कंपनीच्याच नोकरीत गेला! तो एकटाच नव्हता. शिंद्यांचा मुख्य फ्रेंच सेनापती पेराँ तर असईच्या आधीच इंग्रजांकडे निघून गेला होता. जिवावर उदार होऊन लढले ते आपले गोलंदाज आणि शिपाई.

या सगळ्याचा आपल्या चांदूर रेल्वेशी काय संबंध, असं वाटेल. पण वेलस्ली असईनंतर आपल्या वऱ्हाडातच आला. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाला मिळाला. चांदूर नदीच्या पश्चिमेलाच!

मित्रांनो, तोफा चांगल्या होत्या, कवायत चांगली होती. पण ती चालवणारे वरचे लोक पगारापुरते आपले होते. टेक्नॉलॉजी विकत आणता येते, ती आपली मानून चालवणारी माणसं मात्र घरातच तयार करावी लागतात. आपण इंजिनीअर होणार आहोत, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.