पंडिता रमाबाई : कृपा, कर्म आणि मुक्ती

स्त्री-सुधारणेच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे स्थान आता वादातीत मानले जाते. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले. तथापि त्यांच्या चरित्राचे दोन तुकडे करण्याची जुनी खोड अद्याप सुटलेली नाही. त्यांच्या कार्याचे गोडवे गाणारे त्यांच्या धर्मांतराविषयी अवघडून मौन पाळतात, तर त्यांच्या श्रद्धेचे गुणगान करणारे त्यांच्या कार्याकडे त्या श्रद्धेचे परिशिष्ट म्हणून पाहतात. वस्तुतः ईश्वरी कृपा आणि सत्कर्म यांचा परस्परसंबंध काय, या ख्रिस्ती धर्मविचारातील अत्यंत जुन्या प्रश्नाशी रमाबाई आयुष्यभर झुंजल्या, आणि त्यांचे कार्य हे त्या झुंजीचेच फलित होय.

या झुंजीचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविण्याचे धाडस केले होते आणि त्याबद्दल पंडितांपुढे जाबही दिला होता. असा स्वतंत्र बुद्धीचा हा गृहस्थ धर्माचरणात मात्र कमालीचा निष्ठावंत होता. अतिथिसत्कारात आणि दानधर्मात संपत्ती सरली, तेव्हा सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि देवाची कृपा व्हावी म्हणून जवळ उरलेले द्रव्यही व्रते, अनुष्ठाने आणि दक्षिणा यांत खर्ची पडले. अन्नासाठी राखावयाचा पैसा पुण्यासाठी वेचला गेला. अखेर वडिलांनी तीर्थात देह ठेवण्याचा निश्चय केला. थोरला भाऊ श्रीनिवास याने कुळाचा अभिमान सोडून अंगमेहनत करण्याची तयारी दाखविली, म्हणून तो बेत टळला. परंतु शरीरे खंगली होती. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. पुण्याचा एवढा संचय करूनही पदरात काही पडले नाही, ही जाणीव त्या कोवळ्या मनावर कायमची कोरली गेली.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वयाच्या विसाव्या वर्षी रमाबाईंना तेथील विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पडद्यातील स्त्रियांना धर्म सांगण्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या, आणि या वाचनानेच त्यांच्या श्रद्धेस तडा गेला. इतर बहुतेक बाबतींत परस्परविरोधी बोलणारी ही शास्त्रे स्त्रीला कमी लेखण्यात आणि पतिसेवेवाचून तिला गती नाही असे सांगण्यात एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले. प्रश्न आता पुण्याच्या मोलापुरता उरला नव्हता. ज्यांना पुण्य जोडण्याचा पुरता अधिकारच नाही, त्या स्त्रियांनी आणि शूद्रांनी मुक्तीची आशा कशाच्या बळावर धरावी, हा खरा प्रश्न होता.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य नोंदणी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच पतीस पटकीने नेले. तान्ही मनोरमा कडेवर घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने इंग्लंड गाठले. बहिरेपणामुळे तो उद्देश फळास गेला नाही. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या मठातर्फे लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालत असे. मायदेशी ज्या स्त्रीची सावलीही वर्ज्य, तिची येथे प्रेमाने शुश्रूषा होते, हे पाहून त्या थक्क झाल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र एका अधिकाराचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ताच्या शिकवणुकीपलीकडे बिशपांचा शब्द प्रमाण मानावा काय, त्रैक्याचा सिद्धांत समजल्यावाचून स्वीकारावा काय, यावर त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ आणि कडवट पत्रव्यवहार झाला. पुढे अमेरिकेत निधी उभारून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. बाप्तिस्मा होता, लोकसेवा होती, कीर्तीही होती; परंतु मनास स्वास्थ्य नव्हते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे पौरोहित्य करूनही आपणांस तारणाचा अनुभव नाही, हे ज्यास उशिरा उमगले, अशा माणसाची ती कथा होती. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त स्वीकारला नाही, असे त्यांच्या ध्यानी आले.

येथे या सिद्धांताचा आशय पाहणे अगत्याचे आहे. तारण हे कर्माचे वेतन नसून ईश्वराचे दान आहे, विश्वासाने ते हाती येते, आणि म्हणून कोणासही त्याची प्रौढी मिरविता येत नाही, ही संत पौलाची शिकवण. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, हा याकोबाच्या पत्राचा इशारा. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, यावर सोळाव्या शतकात युरोप दुभंगले. केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरतो, असे ल्यूथरने सांगितले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, आरंभ कृपेनेच होतो हे मान्य करून, त्या कृपेशी मनुष्याने सहकार्य करणे आवश्यक मानले. १९९९ मध्ये रोमन कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय प्रतिनिधींनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा तारण कृपेने आणि सत्कर्मे ही त्याची फळे, यावर बरेचसे मतैक्य झाले. संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी मनास कृपेची भाषा परकी नाही. रमाबाईंना त्या भाषेत आणखी एक अर्थ गवसला : दानाला अधिकारपत्र लागत नाही. ज्या स्त्रीला पुण्य जोडण्याचीच मुभा नव्हती, तिच्यासाठी हा सिद्धांत पुस्तकी राहत नाही.

पण याच सिद्धांताने त्यांना १८९३ च्या वादळात लोटले. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरलेले होते. मुलींना जातीचे नियम पाळण्याची मोकळीकही होती. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले, अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. दार बंद करणे ही रमाबाईंना स्वतःच्या श्रद्धेशी प्रतारणा वाटत होती. उलट, आश्रयासाठी आलेली निराधार मुलगी आश्रयदात्रीच्या श्रद्धेकडे कितपत मोकळ्या मनाने पाहू शकते, ही शंकाही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जे फुकट मिळाले ते इतरांसही मिळावे ही तळमळ, आणि दानाला अट नसावी हे तत्त्व, यांतील ताण रमाबाईंना पुरता सोडविता आला नाही. त्यांच्या थोरवीस बाधा न येऊ देता हे मान्य केले पाहिजे.

तारण जर विनामूल्य, तर मग राबावयाचे कशाला, हा कृपेच्या सिद्धांतावरील नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर केडगावास मिळते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः उपासमार सोसलेल्या या बाईने तेथून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते. म्हणून या सर्वांसाठी केडगावच्या माळावर वसाहत उभी राहिली. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकन मंडळाची दहा वर्षांची हमी संपली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि येथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. हिशेबी माणूस अशा वेळी दार लावून घेतो. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, तेलाचा घाणा फिरू लागला, विणकाम आणि शिवणकाम सुरू झाले, छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवू लागल्या, अंधांना ब्रेल लिपी शिकविली गेली. आणि ज्यांना इतरत्र कोठेही थारा नव्हता, अशा टाकलेल्या स्त्रियांच्या घराला रमाबाईंनी नाव दिले कृपा सदन. पात्रता पाहून प्रवेश द्यावयाचा असता, तर या घराचे दार कोणासाठीच उघडले नसते.

अनंतशास्त्र्यांच्या दानात आणि त्यांच्या कन्येच्या सेवेत हाच भेद आहे. वडिलांनी परलोकातील खात्यावर जमा व्हावे म्हणून सर्वस्व दिले. कन्येने खाते आधीच चुकते झाले आहे या विश्वासाने दिले. ज्याला सत्कर्माचा मोबदला हवा असतो, तो घेणाऱ्याची योग्यता तपासतो आणि आपल्या दानाची मोजदाद ठेवतो. मोबदल्याची चिंता सुटली की समोरच्याची गरज तेवढी दिसू लागते.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मनोरमा गेली. ते दुःख गिळून त्यांनी भाषांतराचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. त्यांचा धर्म कोणास पटो वा न पटो. सेवाभावी संस्थांच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या वाढत असण्याच्या काळात, कृपेला आणि कर्माला एकाच छपराखाली नांदविणाऱ्या या बाईची आठवण ठेवणे श्रेयस्कर ठरेल.