बाटली क्रमांक ५३-एन आणि वाल्डेमार हाफकिन

मुंबई : परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील बहुतेकांनी ऐकलेले असते. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओची लस यांच्याशी हे नाव जोडले गेले आहे. मात्र ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्याची दिशा एका चिमट्यामुळे बदलली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. जमिनीवर पडलेला आणि योग्य रीतीने निर्जंतुक न केलेला तो चिमटा पंजाबमधील १९ जणांच्या मृत्यूस कारणीभूत ठरला. त्याचे खापर मात्र शेकडो मैल दूर मुंबईत असलेल्या हाफकिन यांच्यावर फोडण्यात आले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांच्या त्या काळात तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात सामील झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकॉफ यांच्या मध्यस्थीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे मायदेशी संशोधनाचे दरवाजे बंद होत असल्याचे पाहून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत त्या वेळी केवळ सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी होती. त्यांनी ती स्वीकारली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा गाठली.

कॉलऱ्याच्या जिवाणूंवर काम करून त्यांनी लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या लशीची खरी परीक्षा जेथे कॉलरा ठाण मांडून बसला आहे तेथेच होणार होती. त्यामुळे १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये एकाच घरातील काहींनी लस घेतलेली आणि काहींनी न घेतलेली असे. अशा घरांतील रुग्णांची व मृतांची तुलना करून त्यांनी लशीचा गुण तपासला. सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांच्या आसपास लोकांना लस टोचल्यावर मलेरियाने जर्जर होऊन ते इंग्लंडला परतले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात दाखल झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लोक शहर सोडून जाऊ लागले, गिरण्या ओस पडू लागल्या. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेली अपुरी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. मांसरसाच्या माध्यमावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जिवाणू वाढवायचे, नंतर ते उष्णतेने मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लशीची १० मिलिलिटर इतकी मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, परंतु ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर लशीची चाचणी झाली.

त्या काळी प्लेगविषयी सरकारी उपायांबद्दल लोकांच्या मनात तीव्र संताप होता. घरांची झडती, सक्तीने होणारी रवानगी आणि सामानाची जाळपोळ यांमुळे पुण्यात असंतोष पेटला. जून १८९७ मध्ये तेथील प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याआधी मार्चमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. अशा वातावरणात सुई हाती घेऊन आलेल्या परक्या माणसावर विश्वास बसणे सोपे नव्हते. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि तेथून देशभर लस जाऊ लागली.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. तेथील सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली आणि लशीची मागणी अनेक पटींनी वाढली. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचण्यात आली. साधारण आठवड्याभराने त्यांपैकी काहींचे जबडे आवळू लागले, शरीराला झटके येऊ लागले. हा धनुर्वात होता. बाधित झालेल्या १९ जणांपैकी एकही वाचला नाही. या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत ती दूषित झाली, असा निष्कर्ष आयोगाने काढला. उत्पादन वाढविण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल मिसळणे थांबवून केवळ उष्णतेवर भर दिला होता. हा बदल त्यांच्याविरुद्धचा मुख्य मुद्दा ठरला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

चौकशीच्याच कागदपत्रांत दुसरी एक नोंद होती. बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो आचेवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात, की अशा घाईच्या धुण्याने ते मरत नाहीत. त्यांच्या नाशासाठी ज्योत किंवा दाबाखालील वाफ लागते. आज रुग्णालयांतील ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमान ठराविक वेळ राखले जाते, त्यामागचे एक कारण हेच आहे.

वेळेचा हिशेबही हाफकिन यांच्या बाजूने होता. ही बाटली टोचणीच्या ४१ दिवस आधी भरलेली होती. तेव्हाच त्यात धनुर्वाताचे जिवाणू शिरले असते, तर एवढ्या अवधीत भरपूर विष तयार झाले असते आणि लक्षणे लवकर दिसली असती. शिवाय अशा द्रवाला ओळखू येईल इतकी दुर्गंधी सुटते. टोचणाऱ्या डॉक्टरांना तर बाटलीच्या वासात काहीही वावगे आढळले नव्हते.

ही विसंगती लावून धरली ती मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह १० नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. पण मुंबईची जागा भरली गेली होती. कलकत्त्यात त्यांची नेमणूक झाली, मात्र नव्या लशींच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. पाच वर्षांच्या अन्यायाची भरपाई झाली ती एवढीच.

निवृत्तीनंतर हाफकिन युरोपात परतले. धर्माचरण आणि ज्यू समाजाचे शिक्षण यांत त्यांनी उत्तरायुष्य व्यतीत केले आणि आपली पुंजी धार्मिक पाठशाळांच्या साहाय्यासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलकोवालच्या १९ जणांना ना लशीतील जिवाणूंनी मारले, ना प्लेगने. कारखान्यात कितीही शुद्ध लस तयार झाली, तरी तिची शुद्धता बाटली उघडणाऱ्या हातापर्यंत टिकली पाहिजे. उपकरण खाली पडले की ते दूषित झाले असे मानायचे, ते बदलायचे किंवा नव्याने निर्जंतुक करायचे, हा नियम आज परिचारिकांच्या प्रशिक्षणात पहिल्या काही दिवसांतच शिकवला जातो. रांगेत शेकडो माणसे उभी असताना आणि दिवस मावळायला आलेला असताना तो पाळणे कठीण जाते. मुलकोवालची नोंद त्यासाठीच प्रत्येक लसीकरण केंद्रावर आठवणीत राहायला हवी.