मिनीवाला इसिगोनिस आणि माझी सीट

कॉलेजच्या गो-कार्ट टीममधे मला सीटचं काम मिळालं तेव्हा मी चक्क रुसलो होतो. इंजिन नाही, ट्रान्समिशन नाही, निदान ब्रेक तरी द्यायचे! सीट म्हणजे काय, फायबरचा टब आणायचा, चार बोल्ट मारायचे, काम खलास.

त्याच सुमारास मी सर अ‍ॅलेक इसिगोनिसचा फॅन झालो. मिनी कारचा बाप. कारण अगदी वैयक्तिक होतं. हा माणूस लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमधे शिकताना गणितात तीनदा नापास झाला होता. माझी एम-थ्री तेव्हा दोनदा राहिलेली. दैवत मानायला आणखी काय लागतं?

जन्म 18 नोव्हेंबर 1906, स्मर्ना शहरातला. आज ते तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, जहाजांच्या इंजिनांचा कारखाना असलेले. आई जर्मन वंशाची. 1922 साली युद्धात शहर पेटलं आणि ब्रिटिश नागरिकांना जहाजांतून माल्टाला हलवण्यात आलं. घर, कारखाना सगळं मागेच राहिलं. माल्टात वडील वारले. 1923 मधे हा पोरगा आईला घेऊन इंग्लंडला पोचला. त्याने लग्न केलं नाही, आणि आई शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिली.

गणित जमेना, पण हात ड्रॉइंगवर असा बसलेला की नोकरी मिळत गेली. 1936 मधे तो मॉरिस मोटर्समधे आला. संध्याकाळी जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर साध्या हत्यारांनी स्वतःची रेसिंग कार बनवायचा, तीही अनेक वर्षं खपून. प्लायवूडवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, स्प्रिंगच्या जागी रबर. (आमच्या टीमला डेडलाइन असते, हे त्याचं सुख!)

1948 ची मॉरिस मायनर त्याचीच. प्रोटोटाइप तयार झाल्यावर ती त्याला अरुंद वाटली. त्याने ती मधोमध उभी कापायला लावली, दोन भाग सरकवून बघितले आणि चार इंच रुंद केली. 10 लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे ती ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून आली होती.

मग 1956 चं सुएझ प्रकरण झालं, ब्रिटनमधे पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि कंपनीच्या प्रमुखाने छोटी गाडी मागितली. 26 ऑगस्ट 1959 ला मिनी बाजारात आली. लांबी फक्त 10 फूट, आणि त्यातली 80 टक्के जागा माणसं आणि सामानासाठी! इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली ऑइलच्या सम्पमधे बसवला, चाकं 10 इंची घेतली, आणि अ‍ॅलेक्स मोल्टनचं रबर सस्पेन्शन वापरलं. खिडक्या सरकत्या ठेवल्या, त्यामुळे दरवाजा पोकळ राहिला, कोपराला जागा मिळाली आणि वर सामानाचा खण फुकट. आपली मारुती 800 सुद्धा आडव्या इंजिनाची, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी. जग शेवटी त्या पद्धतीकडे गेलं. इसिगोनिसची खालची पद्धत फार कोणी उचलली नाही.

आता बसायचं बघा. चार माणसं कोंबायची म्हणजे ड्रायव्हरने खुर्चीसारखं ताठ बसायचं. सीट म्हणजे नळीची फ्रेम आणि पातळ गादी. पाठ ठराविक कोनात, मागे रेलणार नाही. स्टीअरिंग बसच्या चक्रासारखं आडवं. लोकांनी कुरकुर केली, पण याचं मत ठाम होतं: ड्रायव्हरला जरा गैरसोय असलेलीच बरी, म्हणजे तो जागा राहतो. गाडीत रेडिओही त्याला नको होता. अ‍ॅश-ट्रे मात्र होता, कारण साहेब स्वतः सिगरेट ओढायचे.

हे वाचून मी खूश. मला युक्तिवाद मिळाला! आमच्या कार्टला मी पातळ, सपाट सीट लावली. बाजूला आधार नाही, फोम नाही. वजन वाचलं, पैसे वाचले. पहिल्या टेस्टला आमचा ड्रायव्हर वीस मिनिटांनी उतरला आणि त्याने टी-शर्ट वर केला. बरगडी निळी. मी त्याला इसिगोनिस ऐकवला. तो म्हणाला तूच बस.

सहा लॅप मारल्या. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं आणि सपाट सीटवर धरायला काही नसतं. मग गुडघा बाजूच्या पाइपला दाबायचा आणि स्टीअरिंगला लटकायचं. ज्या हातांनी वळवायचं तेच हात स्वतःला सावरण्यात गुंततात. टायर घसरतोय का, हे हाताला कळणं बंद होतं. जागं राहणं वेगळं आणि लटकणं वेगळं.

मग मी इसिगोनिसची पुढची गोष्ट नीट वाचली. रेसवाला जॉन कूपर मिनीच्या प्रेमात पडला. इसिगोनिसच्या लेखी ती सामान्य माणसाची गाडी, त्यामुळे तो आधी नाखूशच होता. तरी 1961 मधे मिनी कूपर निघाली: 997 सीसी, 55 हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक. 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली मिनीने मारली. 1966 लाही पहिल्या तीन मिनीच होत्या, पण हेडलाइटच्या कारणावरून बाद केल्या. आणि रॅलीच्या त्या गाड्यांतून सगळ्यात आधी काय काढत? कारखान्याची ड्रायव्हर सीट! तिथे अंगाला दोन्हीकडून धरणारी बकेट सीट बसायची. साध्या मिनीवालेही सीट मागे घ्यायला आणि स्टीअरिंग खाली आणायला बाजारातून ब्रॅकेट आणायचे.

म्हणजे माझ्या दैवताचं इथे चुकलंच होतं. गंमत म्हणजे 1969 च्या त्याच्याच ऑस्टिन मॅक्सीत सीट पाडल्या की चक्क डबल बेड व्हायचा. तोवर तो 1967 मधे रॉयल सोसायटीचा फेलो झाला होता (तीनदा नापास, लक्षात ठेवा!) आणि 1969 मधे ‘सर’. 1971 ला निवृत्त झाला, 2 ऑक्टोबर 1988 ला गेला. मिनी त्याच्यानंतरही बारा वर्षं, ऑक्टोबर 2000 पर्यंत बनत राहिली. एकूण साधारण 53 लाख 87 हजार गाड्या.

आमच्या सीटला आता दोन्ही बाजूंना कान आहेत आणि ब्रॅकेटला तीन जास्तीची भोकं, म्हणजे उंच-बुटका कोणीही बसेल. वजन 900 ग्रॅम वाढलं म्हणून टीम लीडर अजून बोलत नाही माझ्याशी. एम-थ्रीचा रिझल्ट पुढच्या महिन्यात.